हेशेनचा वाडा की राजकुमार गोंगचा?

बीजिंगच्या गोंग वाड्याचा फोटो कुणी टाकला की खाली ओळ ठरलेली: ‘बघा, एका भ्रष्ट मंत्र्याचं घर!’ आणि फोटो कशाचा? मधल्या, हिरव्या कौलांच्या दरबारी दालनाचा. नेमका तोच थाट त्या मंत्र्याचा, म्हणजे हेशेनचा नव्हे.

चौकाभोवती बांधलेलं चिनी घर बहुतेकांना ठाऊक असतं, ते सोडू. खोल्या किती, नक्षीत वटवाघळं किती, हेही सोडा. वाटाडे त्यातच तासभर घालवतात.

खरा घोळ मालकीचा आहे. चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या, छिंगच्या काळात मंत्र्याचं घर त्याचं स्वतःचं असे. राजपुत्राचा वाडा मात्र बादशहाच्या खासगी खात्याचा. हुद्दा असेपर्यंत राहायचं, पुढच्या पिढीचा हुद्दा उतरला की सरकारी बंगल्यासारखा खाली करून द्यायचा. थाटही हुद्द्यानेच ठरे: पिवळी कौलं बादशहाची, हिरवी राजपुत्रांची, बाकीच्यांना राखाडी. हेशेनकडे पैसा अमाप होता, पण हिरव्या कौलांचा अधिकार नव्हता.

त्याने वाडा बांधला १७७६च्या सुमारास. त्याची हौस बघायची तर पश्चिमेकडच्या ओळीतल्या शीजिन दालनात शिरा. वर साधी राखाडी कौलं, आत मात्र महागड्या नानमू लाकडाचे कोरीव पडदे, थेट राजवाड्यातल्या निंगशोउ महालाची नक्कल. १७९९मध्ये ज्याछिंग बादशहाने त्याच्यावर वीस गुन्हे ठेवले, त्यात हे लाकूडकामही होतं! माझ्या मते अख्ख्या वाड्यात बघण्यासारखं हेच. गर्दी मात्र बागेतल्या ‘फू’ (म्हणजे सुख-भाग्य) अक्षराच्या शिळेपुढे.

हेशेनला गळफास घ्यायला लावून वाडा जप्त झाला आणि बादशहाचा भाऊ योंगलिन याला मिळाला. तोही अर्धाच, कारण हेशेनची सून खुद्द आधीच्या बादशहाची, ज्याछिंगचे वडील छ्यानलोंग यांची मुलगी. ती १८२३मध्ये वारेपर्यंत एका भागात राहिली. योंगलिनच्या नातवाचा हुद्दा खालचा, म्हणून त्याला वाडा सोडावा लागला. १८५१मध्ये तो तेव्हाच्या बादशहाचा भाऊ राजकुमार गोंग, म्हणजे ईशिन याला दिला गेला. आजचं नाव त्याचं.

१९१२मध्ये बादशाही गेली आणि राजपुत्रांचे वाडे त्यांचे खासगी झाले. ईशिनच्या नातवाने मग हा वाडा कॅथलिक चर्चकडे गहाण टाकला.