रानातले दोन बाप

‘तो जंगलात पोरं वाढवणाऱ्या बापाचा सिनेमा’ असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारते, पोरं किती होती? सहा असतील तर ‘कॅप्टन फँटॅस्टिक’ (२०१६), एकच मुलगी असेल तर ‘लीव्ह नो ट्रेस’ (२०१८). दोन्ही अमेरिकी, कमी खर्चात केलेले, दोन्हींचा पहिला खेळ सनडान्स या चित्रपट महोत्सवात. रानही सारखंच, वायव्येकडचं, ओलं आणि हिरवंगार. त्यामुळे गल्लत होते. पुढे दोन्हींचा शेवट सांगितला आहे, बघायचे असतील तर इथेच थांबा.

मॅट रॉसच्या ‘कॅप्टन फँटॅस्टिक’मधला बेन (व्हिगो मॉर्टेन्सन) विचारपूर्वक रानात गेलेला आहे. बाजार, शाळा, चर्च यांवर त्याचा विश्वास नाही. मुलं शिकार करतात, कडे चढतात, रात्री शेकोटीपाशी जाडजूड पुस्तकं वाचतात, ख्रिसमसऐवजी सत्तेवर कडक टीका करणाऱ्या नोम चॉम्स्की या अमेरिकी विचारवंताचा वाढदिवस साजरा करतात. आईच्या आत्महत्येची बातमी येते आणि सगळे जुन्या बसमधून तिच्या अंत्यविधीला निघतात. तिथे सासरा बेनला जाब विचारतो. मला हा सासरा खलनायक वाटत नाही. नातवंडांच्या जिवाची त्याची भीती खरी आहे. मुलगी छपरावरून पडते तेव्हा बेनलाही ते कळतं. शेवटी शेतावरचं घर, आणि शाळेच्या बसची वाट पाहणारी मुलं. बापाने मत बदललं, कारण ते मतच होतं.

डेब्रा ग्रॅनिकच्या ‘लीव्ह नो ट्रेस’मध्ये मत बदलण्याचा प्रश्नच नाही. विल (बेन फॉस्टर) हा माजी सैनिक. युद्धाने त्याच्या मनाला केलेली जखम भरलेली नाही, छपराखाली त्याला झोप लागत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला, टॉमला (थॉमसिन मॅकेन्झी), घेऊन तो पोर्टलंड शहराच्या हद्दीतल्याच फॉरेस्ट पार्क या जंगलात राहतो. तिथे राहणं बेकायदा, म्हणून लपण्याची तालीम रोजची. ‘कॅप्टन फँटॅस्टिक’मधल्या बेनच्या कुटुंबाने रानात घर मांडलंय. विलची ताडपत्री मात्र कधीही गुंडाळून उचलता येईल अशी. पीटर रॉक यांच्या ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला आहे, तिच्यामागे २००४ साली याच पार्कमध्ये सापडलेल्या बापलेकीची खरी घटना आहे.

विल आणि टॉम पकडले जातात तेव्हा सरकारी माणसंही वाईट वागत नाहीत. डोक्यावर छप्पर देतात, नाताळच्या झाडांच्या मळ्यावर काम देतात. टॉमला ते आवडू लागतं, विल पुन्हा बोचकं बांधतो. इथे कुणीच चुकत नाही, म्हणून हा चित्रपट मला जास्त लागतो. पुढे एका वस्तीत टॉम मधमाश्या हाताळायला शिकते आणि आपल्या उघड्या हातांवर त्या घेऊन बापाला दाखवते. माणसांतही असंच राहता येतं, हे ती न बोलता सांगत असते. विल पाहतो, त्याला समजतंही. पण राहणं त्याच्या हातात नाही. लेक थांबते, बाप झाडीत निघून जातो.

त्या वस्तीत एक रीत आहे: रानात राहणाऱ्या, कुणाला न दिसणाऱ्या माणसासाठी झाडाला शिध्याची पिशवी टांगून ठेवायची. शेवटी ती पिशवी टॉम टांगते.