फाइलच्या नावातली चिन्हे आणि तुमची बॅच-फाइल

आमच्या बॅकअपच्या किंवा छपाईच्या बॅच-फाइली (विंडोजच्या कमांड ओळीने लिहून ठेवलेल्या फाइली) एका फाइलीवर नीट चालतात आणि दुसरीवर अडतात, तेव्हा आधी त्या फाइलीचे नाव पाहा.

सर्वांत जास्त घोळ & घालतो. शहा&सन्स.पीडीएफ हे नाव अवतरणचिन्हांशिवाय दिले, तर बॅच-फाइलला फक्त 'शहा' मिळते. उरलेला भाग विंडोज वेगळी कमांड समजून चालवू पाहते, आणि तिथे खरीच एखादी कमांड असेल तर ती चालतेही! म्हणून पूर्ण नाव " " मध्ये घाला. एकेरी ' ' इथे चालत नाही, वर्डमधून कॉपी केलेली वळणदार अवतरणेही नाहीत.

फाइल ओढून बॅच-फाइलवर टाकत असाल, तर विंडोज अवतरणे स्वतः लावते, पण फाइलीच्या पूर्ण पत्त्यात (फोल्डरांच्या नावांसह) कुठेतरी मोकळी जागा असेल तरच. त्यामुळे 'शहा & सन्स' चालते, 'शहा&सन्स' अडते.

बॅच-फाइलमध्ये स्वतः बदल करणाऱ्यांसाठी: %1 म्हणजे बॅच-फाइलला दिलेले पहिले नाव; त्यात अवतरणे जशी आली तशी राहतात, %~1 ती काढून टाकते. "%1" लिहिल्यास ती दुहेरी होतात आणि संरक्षण जाते. म्हणून सगळीकडे "%~1" लिहा. आपल्याकडे फोल्डरला 'अंधेरी (प.)', 'दादर (पू.)' अशी नावे सर्रास असतात. इफ या अट तपासणाऱ्या कमांडच्या कंसात %~1 अवतरणांशिवाय उघडे ठेवले, की नावातला ) तो कंस मध्येच बंद करतो आणि 'अनएक्स्पेक्टेड ॲट धिस टाइम' असा संदेश येतो.

% ला मात्र अवतरणांचाही उपयोग नाही. बॅच-फाइलमध्ये 'सवलत 10%' हवे असेल तर 10%% लिहा. त्याच ओळीत कॉल वापरून दुसरी बॅच-फाइल चालवत असाल तर चार %, कारण ती ओळ दोनदा वाचली जाते. डिलेड एक्स्पान्शन (! मधल्या नावाच्या जागी त्याची किंमत घालणारी बॅच-फाइलची सोय) चालू असेल तर ! गायब होतो; पासवर्ड चुकीचा ठरण्याचे हे एक कारण.

रोबोकॉपी या विंडोजच्या फाइली कॉपी करणाऱ्या कमांडला "डी:\बिले\" देऊ नका. शेवटचे \" मिळून नाव बंद न करणारे साधे अवतरणचिन्ह ठरते आणि पुढचा पत्ता त्याच नावाला चिकटतो. "डी:\बिले" पुरते.

तरीही अडलेच, तर कमांडची ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून टेक्स्ट फाइल पाठवा. व्हॉट्सॲपच्या संदेशात टाकू नका, तिथे * आणि _ कधीकधी ठळक-तिरप्या अक्षरांत गडप होतात.