पूरक कर्करोग विमा

मूळ आरोग्य विम्याच्या जोडीला घेतला जाणारा आणि केवळ कर्करोगाच्या निदानाशी किंवा उपचारांशी निगडित लाभ देणारा विम्याचा प्रकार. मूळ आरोग्य विमा रुग्णालयाचे बिल भागवतो. पूरक कर्करोग विम्यात मात्र करारात आधीच ठरलेली रक्कम बहुधा थेट विमाधारकाच्या हाती पडते आणि ती कशावर खर्च करावी, याचे बंधन सहसा नसते. ‘पूरक’ हे विशेषण येथे नाममात्र नाही. इतर कोणत्याही आजारात किंवा अपघातात या विम्याचा काहीच उपयोग होत नसल्यामुळे तो मूळ विम्याची जागा घेऊ शकत नाही.

बहुतेक आरोग्य विमे क्षतिपूर्तीच्या तत्त्वावर चालतात, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या खर्चापेक्षा अधिक भरपाई मिळत नाही. पूरक कर्करोग विम्यासारख्या, ठरलेली रक्कम देणाऱ्या निश्चित लाभाच्या विम्याला हे तत्त्व लागू होत नाही. बिल किती झाले हा प्रश्न येथे गौण असतो. करारातील व्याख्येत बसणारे निदान झाले की रक्कम देय होते. म्हणूनच रुग्णालयाचा खर्च मूळ विम्याने पूर्णपणे उचलला असला, तरीही या विम्याचा दावा स्वतंत्रपणे करता येतो. दोन्हींकडून पैसे घेणे नियमबाह्य ठरेल, या समजुतीने काही कुटुंबे हा दावा करायचेच राहून जातात.

एकाच रोगापुरता विमा ही कल्पना कर्करोग विम्यापेक्षा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत पोलिओचा विमा मोठ्या प्रमाणावर विकला जात असे. १९५५ मध्ये पोलिओच्या लसीला मान्यता मिळाल्यावर त्याची गरज ओसरत गेली. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील कोलंबस येथे अॅमॉस बंधूंनी स्थापन केलेल्या कंपनीने (पुढे अॅफ्लॅक या नावाने परिचित) १९५८ मध्ये कर्करोगाचा विमा विक्रीस आणला. १९७४ मध्ये तिला जपानमध्ये परवाना मिळाला आणि तेथे हा विमा घरोघरी पोहोचला. याच्याच नात्यातील, पण अधिक व्यापक असा गंभीर आजार विमा १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाला. त्यामागे मारियस बर्नार्ड या हृदयशल्यचिकित्सकाची प्रेरणा होती. जगातील पहिले मानवी हृदयारोपण करणाऱ्या क्रिस्तियान बर्नार्ड यांचे ते बंधू. शस्त्रक्रियेने वाचलेले रुग्ण पुढे आर्थिकदृष्ट्या कोलमडतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

कर्करोगातील खर्चाचा बराचसा भाग रुग्णालयाच्या बिलात उमटतच नाही, आणि या विम्याची उपयुक्तता मुख्यतः तेथेच आहे. किरणोपचार सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे चालतात; प्रत्येक वेळचा उपचार काही मिनिटांचा असला, तरी केंद्र दूर असेल तर त्या गावी राहण्याची सोय करावी लागते, आणि बरोबरच्या माणसाचीही. केमोथेरपीच्या फेऱ्या बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने होतात आणि मधल्या दिवसांत अशक्तपणा व जंतुसंसर्गाची भीती यांमुळे नियमित काम करणे अवघड होते. स्तनाच्या काही कर्करोगांत संप्रेरकांवरील गोळ्या पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागतात. शिवाय रुग्णाची काळजी घेणाऱ्याची रजा संपून बिनपगारी दिवस सुरू होतात, मुलांना आणि वृद्धांना सांभाळायला माणूस ठेवावा लागतो, घरकर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. कृत्रिम स्तन, केसांचा टोप, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर लागणाऱ्या पिशव्या, केमोथेरपीपूर्वी बीजांडे किंवा शुक्रजंतू गोठवून ठेवण्याचा खर्च या गोष्टी अनेक मूळ विम्यांत बसत नाहीत, किंवा अंशतःच बसतात. या ओढाताणीचे परिणाम उपचारांवरही होतात. पैशाअभावी औषधाच्या मात्रा चुकवणे किंवा तपासण्या पुढे ढकलणे घडते, आणि कर्करोगशास्त्रात या आर्थिक दुष्परिणामांचा विचार आता औषधांच्या दुष्परिणामांच्या बरोबरीने होऊ लागला आहे.

अशा वेळी एकरकमी लाभाचे खरे मोल तो केव्हा मिळतो यात असते. निदान आणि उपचाराची दिशा ठरणे यांमधील काही आठवड्यांत रक्कम हाती आली, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेता येते, बचत मोडण्याची किंवा चढ्या व्याजाने कर्ज काढण्याची घाई टळते. लाभाचे इतरही प्रकार आहेत. काही करारांत शस्त्रक्रिया, किरणोपचार, रुग्णालयातील प्रत्येक दिवस यांसाठी वेगवेगळ्या रकमा ठरलेल्या असतात. काहींत रोगाच्या अवस्थेनुसार टप्प्याटप्प्याने रक्कम मिळते. काहींत निदानानंतरचे हप्ते माफ होतात. दिवसावर मोजलेला लाभ कागदावर आकर्षक दिसतो, पण कर्करोगाचे उपचार रुग्णालयातील खाटेकडून बाह्यरुग्ण विभागाकडे आणि घरी घ्यायच्या गोळ्यांकडे सरकत असल्यामुळे जुने करार उपयोगाचे राहत नाहीत. जपानमध्ये याच कारणाने बाह्यरुग्ण उपचारांचे लाभ जोडलेले नवे करार आले.

या विम्यातील सर्वांत निर्णायक मजकूर म्हणजे ‘कर्करोग’ या शब्दाची व्याख्या. सामान्य माणूस ज्याला कर्करोग म्हणतो, ते सर्व करारात कर्करोग ठरेलच असे नाही. बहुतेक करारांत आजूबाजूच्या ऊतींत शिरणाऱ्या घातक पेशींची अनियंत्रित वाढ अपेक्षित असते आणि तिला ऊतिपरीक्षेचा, म्हणजे बायोप्सीच्या अहवालाचा आधार लागतो. ज्या जागी उद्भवला त्याच थरात राहिलेला कर्करोग (कार्सिनोमा इन सिटू) वगळलेला असतो, किंवा त्यासाठी विमा रकमेचा थोडासाच भाग मिळतो. मेलानोमा (त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग) सोडून त्वचेचे इतर कर्करोगही बहुधा याच वर्गात येतात. अवस्था ठरवण्यासाठी गाठीचा आकार, लसिकाग्रंथींतील प्रसार आणि दूरच्या अवयवांतील प्रसार यांवर आधारलेली टीएनएम पद्धती वापरली जाते. तिचा पाया फ्रेंच शल्यचिकित्सक प्येर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात घातला.

व्याख्येत एवढी काटेकोरता का लागते, हे दक्षिण कोरियाच्या अनुभवावरून समजते. तेथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला आणि त्याला जोडून अनेक रुग्णालये अल्प शुल्कात अवटू (थायरॉइड) ग्रंथीची सोनोग्राफीही करू लागली. परिणामी २०११ मध्ये अवटू कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या सुमारे पंधरापट झाले. या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. कधीही त्रास न देणाऱ्या सूक्ष्म गाठी सापडत होत्या आणि प्रत्येक निदानागणिक विमा रक्कम देय होत होती. विमा कंपन्यांनी मग अवटू कर्करोगाला अल्प रकमेच्या वर्गात टाकले.

हप्ता भरताच संरक्षण सुरू होत नाही. लक्षणे जाणवू लागल्यावर विमा घेण्याच्या प्रवृत्तीला आळा घालण्यासाठी प्रतीक्षा कालावधी ठेवलेला असतो. तो अनेक ठिकाणी ९० दिवसांचा, काही करारांत अधिक असतो. या काळात निदान झाल्यास लाभ मिळत नाही आणि काही वेळा करारच रद्द होतो. काही करारांत निदानानंतर ठरावीक दिवस रुग्ण हयात असण्याचीही अट असते. पूर्वीचा आजार, तंबाखूचे सेवन किंवा चालू तपासण्या अर्जात लपवल्यास दावा फेटाळला जातो.

या विम्यावरील टीका जुनी आणि बऱ्याच अंशी रास्त आहे. कर्करोगाच्या भीतीचे भांडवल करून तो विकला जातो, जमलेल्या हप्त्यांच्या मानाने लाभांपोटी परत जाणारा वाटा अनेकदा कमी असतो, आणि त्याच पैशांत मूळ विम्याची रक्कम वाढवणे किंवा अनेक आजारांचा विमा घेणे पुष्कळांना अधिक सोयीचे ठरते. अमेरिकेतील काही राज्यांनी एका रोगाच्या विम्यावर बंधनेही घातली. निश्चित रकमेचे मोल महागाईने घटत जाते, हीही एक उणीव.

दाव्यासाठी मुख्यतः ऊतिपरीक्षेचा अहवाल, तपासण्यांचे निष्कर्ष आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. दावा साधारणपणे विमाधारकानेच करायचा असतो. जपानमध्ये मात्र रुग्णाला कर्करोगाचे नाव न सांगण्याची वहिवाट दीर्घकाळ होती. ज्याला आजार ठाऊक नाही, तो त्याच्या विम्याचा दावा कसा करणार, या पेचातून तेथे पूर्वनियुक्त प्रतिनिधीने दावा करण्याची तरतूद रूढ झाली. विमाधारकाने आधी नेमलेली जोडीदारासारखी जवळची व्यक्ती त्याच्या वतीने रक्कम मागू शकते. रुग्ण बेशुद्ध असला किंवा त्याला बोलता येत नसले, तरी ती तरतूद उपयोगी पडते.