टेबलावरच्या फोनला पडदा लागतो तेव्हा

जून २०१० मध्ये सिस्को या अमेरिकी कंपनीने लास वेगास येथे ‘सीअस’ हे उपकरण जाहीर केले. सात इंची टचस्क्रीनचा हा टॅबलेट टेबलावरच्या डॉकमध्ये बसवला की त्याचा रिसीव्हरसकट कार्यालयीन फोन होत असे, आणि उचलून बैठकीला नेला तरी ई-मेल, चॅट व व्हिडिओ कॉल त्यावर चालूच राहत. कार्यालयातील सगळा संवाद एकाच पडद्यावर आणण्याचा तो मोठा प्रयत्न होता. पाहणाऱ्याची नजर पडद्यावर खिळते हे खरे, पण अशा उपकरणातले अवघड काम आवाजाचे असते.

पडद्याचे तत्त्व त्या मानाने जुने आहे. ब्रिटनमधील माल्व्हर्न येथे ई. ए. जॉन्सन यांनी हवाई वाहतूक नियंत्रणासाठी धारितेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर, चालणाऱ्या टचस्क्रीनची कल्पना १९६५ मध्येच मांडली होती. आजच्या पडद्यात काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक पण वीजवाहक पदार्थाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या असतात. बोट जवळ आले की पट्ट्यांच्या छेदबिंदूपाशी असलेल्या विद्युतक्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो, तिथली धारिता पिकोफॅरड या अतिसूक्ष्म एककाच्याही अंशाने घटते, आणि कंट्रोलर चिप तेवढ्यावरून स्पर्शाची जागा ठरवते.

आवाजाचे गणित याहून नाजूक आहे. टेलिफोनच्या प्रचलित पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत नोंदवला जातो. इंटरनेटवर पाठवताना त्याचे साधारणपणे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात (पॅकेटमध्ये) घालतात. म्हणजे प्रत्येक पाकिटात १६० बाइट आवाज आणि त्यावर पत्त्याचे व क्रमाचे आणखी ४० बाइट. वाटेत एखादे पाकीट हरवले, तर ते पुन्हा मागवत नाहीत, कारण ते येईपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. पाकिटे कमी-अधिक अंतराने पोहोचतात, म्हणून उपकरण ती क्षणभर साठवून मग एका लयीत वाजवते. हा साठा लहान ठेवला तर आवाज तुटतो, मोठा ठेवला तर उत्तर उशिरा येते आणि दोघेही एकदम बोलू लागतात. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सुचवतो. शिवाय स्पीकरवर बोलताना समोरच्याचा आवाज आपल्याच मायक्रोफोनमधून परत जाऊ नये म्हणून खोलीतील प्रतिध्वनीचा सतत अंदाज घेऊन तो वजा करावा लागतो. भिंती मोकळ्या, टेबल काचेचे आणि माणसे चहूबाजूंनी बोलणारी असली, की या वजाबाकीचा खरा कस लागतो.

वीजपुरवठ्याबाबत मात्र जुनीच रीत नव्या तारेने परत आली. जुन्या फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा पुरवठा मिळत असल्यामुळे इमारतीतली वीज गेली तरी तो चालू राही. २००३ च्या मानकाने नेटवर्कच्या केबलमधूनच, जवळपास त्याच दाबाने, १५.४ वॉटपर्यंत वीज देण्याची सोय झाली. २००९ मध्ये ही मर्यादा ३० वॉटच्या आसपास गेली, आणि पडदा व कॅमेरा असलेल्या फोनला तिचा उपयोग झाला. फरक इतकाच की आता वीज गेल्यावर फोन सुरू ठेवण्याची जबाबदारी कार्यालयातल्या नेटवर्क स्विचवर (या केबली जिथे जोडतात त्या पेटीवर) आणि त्याला जोडलेल्या यूपीएसवर, म्हणजे बहुधा कोणी न पाहिलेल्या एका बॅटरीवर, येऊन पडते.

मे २०१२ मध्ये सिस्कोने सीअसमध्ये आणखी गुंतवणूक थांबवली. कर्मचारी स्वतःचेच स्मार्टफोन आणि टॅबलेट कामावर आणू लागले होते. त्यामुळे त्या उपकरणांवर चालणाऱ्या जॅबर आणि वेबएक्स या चॅट व ऑनलाइन बैठकांच्या सॉफ्टवेअरवर कंपनीने भर दिला. टेबलावरच्या फोनांवर पडदा आला तरी अनेकांवर खरी बटणे टिकून आहेत, आणि ते मला योग्य वाटते. पाचच्या बटणावरील उंचवटा चाचपून स्वागतकक्षातील व्यक्ती समोरच्या पाहुण्याकडे बघत आणि अंध कर्मचारी कोणाच्याही मदतीविना क्रमांक फिरवू शकतो. सपाट काचेवर बोटाला तसा काही आधार सापडत नाही.