क्रेनने कादंबरी आधी लिहिली, युद्ध नंतर पाहिलं

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून अमेरिकन लेखक स्टीफन क्रेनची ‘द रेड बॅज ऑफ करेज’ ही युद्धकादंबरी उपसली की शेजारचं कुणीतरी हमखास सांगतं, “युद्धवार्ताहर होता हो तो, डोळ्यांनी बघितलेलं लिहिलंय!” माझ्या प्रतीच्या कोऱ्या पानावर तर आधीच्या मालकाने शाईपेनने हेच लिहून ठेवलंय.

आहे नेमकं उलटं. कादंबरीत आहे ते अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. क्रेनचा जन्म १८७१ चा. पुस्तक १८९५ मध्ये आलं, तोवर त्याने एकही लढाई पाहिली नव्हती. वार्ताहर म्हणून ग्रीस-तुर्कस्तान युद्धावर तो गेला १८९७ मध्ये, क्युबाला त्याच्या पुढच्या वर्षी. मग तो धूर, लढाईतून पळून जाणाऱ्या नायकाची, हेन्रीची, ती घालमेल आली कुठून? मासिकांत छापून आलेल्या सैनिकांच्या आठवणी त्याने वाचल्या होत्या. त्यांत तोफा होत्या, तुकड्या होत्या. भीती तेवढी नव्हती. ती त्याने भरली. इतकी, की प्रत्यक्ष लढलेल्यांनाही तो आपल्यातलाच वाटला.

अनुभवातूनच उतरलेलं हवं असेल, तर त्याची ‘द ओपन बोट’ ही कथा घ्या. १८९७ च्या जानेवारीत क्युबाला निघालेलं त्याचं जहाज फ्लोरिडाजवळ बुडालं, आणि तो लहानशा होडीतून किनाऱ्याला लागला. ती मात्र चौकात कुणी मागत नाही.