गोठ्यातलं इंजेक्शन, ताटातले जंतू

दूध कोमट होतं, विरजण नेहमीचंच, आणि तरी सकाळी भांड्यात दूध जसंच्या तसं. कारणं बरीच असू शकतात: थंडी पडली, विरजण जुनं झालं. पण एक कारण सांगली-मिरजेच्या स्वयंपाकघरातून थेट पलूस-वाळव्याच्या एखाद्या गोठ्यात पोहोचतं. गायीला दगडी झाली, कास सुजली, अँटिबायोटिक दिलं, आणि औषध अंगात असतानाच दूध रतिबाला गेलं. दही लावतात तेही जीवाणूच. रोगाचे कुठले आणि दह्याचे कुठले, हे औषधाला कळत नाही. डेअरीच्या टँकरमध्ये शेकडो गोठ्यांचं दूध एकत्र होतं, त्यामुळे औषधाचा अंश विरून जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एकाच गोठ्याच्या रतिबात तो दह्यावर उमटू शकतो.

दूध उकळलं की काम झालं, असं आपण धरून चालतो. जंतूंपुरतं ते बहुतांशी खरं आहे. पाश्चरीकरणात ७२ अंश सेल्सियसवर १५ सेकंद एवढंही पुरतं. पण घरच्या उकळीनं बऱ्याच अँटिबायोटिकांचा अंश फारसा कमी होत नाही. शिवाय दगडी करणाऱ्या जंतूंमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा एक मुख्य जंतू आहे. दूध तासन्‌तास कोमट राहिलं तर तो त्यात विष तयार करतो. उकळल्यावर जंतू मरतो, विष मात्र टिकतं, आणि मग उकळलेलं दूध पिऊनही माणसाला उलट्या होतात.

आता औषधांची नावं पाहू. गायीच्या कासदाहावर, म्हणजे दगडीवर, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन वापरतात, जेंटामायसिन वापरतात, एन्रोफ्लॉक्सॅसिन वापरतात. मिरजेच्या कुठल्याही दवाखान्यात टायफॉइडच्या रुग्णाला सलाइनमधून जातं ते सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच. एन्रोफ्लॉक्सॅसिन जनावरांचं औषध खरं, पण शरीरात गेल्यावर त्याच्या काही भागाचं सिप्रोफ्लॉक्सॅसिन, म्हणजे माणसांना देतात तेच औषध, होतं. जनावरांची औषधं वेगळी आणि माणसांची वेगळी, ही समजूत सोडून द्यावी लागेल.

गायीच्या आतड्यात, शेणात, कासेच्या कातडीवर कोट्यवधी जीवाणू असतात. त्यांतल्या काहींमध्ये योगायोगानं औषध पचवायची युक्ती असते: कुणी औषधाचा रेणू तोडणारं विकर बनवतो, कुणी औषध पेशीबाहेर उपसून टाकतो. औषध दिलं की बाकीचे मरतात आणि या मोजक्यांना मोकळं रान मिळतं. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी चिंता पुढे आहे. ही युक्ती पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर लिहिलेली असते, आणि शेजारच्या घरून वाटीभर विरजण आणावं तितक्या सहज एक जीवाणू ते कडं दुसऱ्याकडून घेतो. तो दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. म्हणजे शेणातला निरुपद्रवी ई. कोलाय आपल्या पोटात एक-दोन दिवस राहून निघून गेला, तरी जाताना आपली युक्ती तिथल्या साल्मोनेलाला, म्हणजे टायफॉइडसारखे आजार करणाऱ्या जंतूला, देऊन जाऊ शकतो. आजारी पाडणारा जंतू पोटात आला की नाही, एवढंच बघून चालत नाही ते यामुळे.

कोलिस्टिनचं उदाहरण घ्या. बाकी सगळी औषधं हरली की डॉक्टर ज्याला हात घालतात, ते हे औषध. तेच कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात, वजन वाढावं म्हणून, वर्षानुवर्षं मिसळलं गेलं. २०१५ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी डुकरांमध्ये, विक्रीच्या मांसात आणि रुग्णांमध्येही कोलिस्टिनला दाद न देणारे ई. कोलाय सापडल्याचं जाहीर केलं. तो गुण प्लाझ्मिडवर होता. भारतानं जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. हा निर्णय योग्यच होता, आणि तो आणखी आधी व्हायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

हे फक्त जनावरांपुरतंही नाही. आटपाडी-जतच्या डाळिंबावर तेल्या हा जीवाणूंचा रोग पडला की स्ट्रेप्टोसायक्लिनची फवारणी व्हायची. त्यात स्ट्रेप्टोमायसिन असतं, क्षयावर पहिल्यांदा गुण आलेलं औषध. बागेच्या बागा फवारल्या गेल्या. बाग हातची जाताना पाहणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्या हातात दुसरा उपाय कुणी दिला होता?

घरात हे जंतू शिरतात ते साध्या वाटांनी. चिकन नळाखाली धुतलं की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात. त्याच विळीवर नंतर काकडी चिरली जाते. चिकन शिजतं, कोशिंबीर शिजत नाही. सगळं मनासारखं असेल तर ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. या वेगानं एका जंतूचे सात तासांत वीस लाखांवर होतात. दुपारी चिरलेली, उन्हाळ्यात बाहेर राहिलेली कोशिंबीर रात्री पुन्हा वाढू नये, ती यासाठी. चिकन न धुता थेट पातेल्यात टाकावं, विळी आणि हात साबणानं धुवावेत.

टायफॉइडची गोष्ट मात्र उमेद देणारी आहे. १९४८ पासून त्यावर क्लोरॅम्फेनिकॉल होतं. १९९० च्या सुमारास आपल्याकडे त्याला आणि त्याच्या जोडीच्या औषधांना जंतू दाद देईनासा झाला. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं, तेही निकामी झालं. २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. पण दरम्यान क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर जवळपास थांबला होता, आणि आज भारतातल्या टायफॉइडच्या बहुतेक नमुन्यांवर ते पुन्हा लागू पडतं. औषध समोर नसेल तेव्हा ती युक्ती सांभाळणं जीवाणूला महाग पडतं. (म्हणून कुणी परस्पर गोळ्या घेऊ नयेत, कुठलं औषध चालेल हे रक्ताच्या कल्चरवरून डॉक्टरच ठरवतात.)

तेव्हा औषध कमी लागेल असं करणं, हीच खरी कामाची गोष्ट, आणि ती गोठ्यात सुरू होते. धार काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं. तेवढा वेळ गाय खाली बसू नये म्हणून तिच्यापुढे वैरण टाकावी, सड जंतुनाशकात बुडवावेत. सुप्त दगडी डोळ्यांना दिसत नाही, पण चार वाट्यांच्या पसरट ट्रेमध्ये प्रत्येक सडाच्या दोन-दोन धारा घ्यायच्या, तेवढंच साबणी द्रावण घालायचं आणि ट्रे गोल फिरवायचा. निरोगी सडाचं दूध पातळच राहतं. बिघडलेल्या सडाचं घट्ट होऊन जेलीसारखं गोळा होतं, कारण साबणानं पांढऱ्या पेशी फुटून त्यांतला चिकट डीएनए बाहेर येतो. मिनिटभराचं काम आहे. आजार इथेच कळला तर पुढचं बरंच इंजेक्शन वाचतं.

आणि औषध द्यावंच लागलं तर दूध बाजूला ठेवायची मुदत बाटलीवर छापलेली असते. ती ठरलेली नसेल तर नियमानुसार दुधासाठी किमान सात दिवस धरायचे. दिवसाला पंधरा-वीस लिटर देणाऱ्या गायीचं सात दिवसांचं दूध ओतून देणं ज्याचा महिन्याचा हिशेबच दुधावर चालतो त्याला परवडत नाही, हे मान्य केल्याशिवाय नुसते नियम सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवसांची काही भरपाई दूध संघांनी विम्यातून द्यावी. डेअरीवर दोन वेळा फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतं, पावती मिळते. औषधाचा अंश दाखवणाऱ्या पट्ट्या काही मिनिटांत निकाल देतात. तो निकालही त्याच पावतीवर, फॅटच्या शेजारच्या रकान्यात छापला जावा, आणि स्वच्छ दुधाला लिटरमागे दर वाढवून मिळावा.