मेडिकलच्या वॉर्डातला थकवा आणि दोन शब्दांचा इतिहास

नागपुरात ‘पेशंटला मेडिकलला हलवलं’ एवढं म्हटलं की पुरतं. १९४७ साली सुरू झालेल्या या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि शहरातल्या त्याहून जुन्या मेयो रुग्णालयात गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. रात्री-अपरात्री त्यांच्यासमोर उभे असतात निवासी डॉक्टर आणि सिस्टर. त्यांच्या थकव्याला आता सर्रास ‘बर्नआउट’ म्हणतात आणि उतारा म्हणून ‘भावनिक बुद्धिमत्ता’ सुचवतात. मुळात हे दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले.

बर्नआउटवर १९७४ मध्ये लिहिलं ते हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने. न्यूयॉर्कमध्ये दिवसभर स्वतःचे रुग्ण पाहून तो संध्याकाळी मोफत दवाखान्यात राबायचा, आणि त्यातच पार गळून गेला. या थकव्याला कोण बळी पडतं, याचं त्याचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं: कामाला वाहून घेतलेली, जीव ओतणारी माणसं. कामचुकार नव्हेत.

१९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी हा थकवा मोजायची प्रश्नावली तयार केली. तिची अंगं तीन: भावनिक रितेपण, समोरच्या माणसाबद्दलची कोरडी अलिप्तता आणि ‘आपल्या हातून काहीच होत नाही’ ही भावना. दुसरं अंग वॉर्डात कानाने ओळखता येतं. रुग्णाचं नाव गळून पडतं आणि ‘दहा नंबरचं ॲपेंडिक्स’ उरतं. बोलणारा निष्ठुर असतोच असं नाही. सलग ड्युटीत मन स्वतःला वाचवू पाहतं.

भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी पीटर सालोवे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये केली, पाच वर्षांनी डॅनियल गोलमन यांनी ती घरोघरी पोहोचवली. आपली आणि दुसऱ्याची भावना ओळखून त्यानुसार वागण्याची ही क्षमता. मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगताना ती लागतेच. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे धडे आले, ते योग्यच झालं.

पण शिकवणीने झोप भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता, कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या दीर्घ ताणाशी जोडलं. आपल्याकडे निवासी डॉक्टरांसाठी दिवसाला सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास ही केंद्राची मर्यादा १९९२ पासून कागदावर आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास सुचवले. बत्तीस वर्षांत आकडा २६ तासांनी वाढला, आणि तरीही तो दिलासा वाटावा अशा ड्युट्या आज लागतात.